देवाशिवाय रविवारची सभा : साउथ प्लेस, न्यूयॉर्क आणि आपल्याकडचे धागे

(मंडळाच्या मासिक सभेत वाचलेला निबंध. चर्चेत निघालेल्या मुद्द्यांची भर घालून इथे देत आहे.)

मंडळातले एक ज्येष्ठ सभासद गेले, तेव्हाची गोष्ट. त्यांनी लिहून ठेवले होते की माझ्यामागे कोणताही विधी करू नये. घरच्यांना त्यांचा शब्द मोडायचा नव्हता, पण मग करायचे काय, हेही कोणाला सुचेना. मुलगा म्हणाला, "काका, भटजी नको हे समजलं. पण त्यांच्या जागी कोण उभं राहणार?" शेवटी तेराव्या दिवशी आपल्याच सभेच्या खोलीत पंचवीस-तीस माणसे जमली. चौघे-पाच जण बोलले, एकीने त्यांच्या आवडीचा अभंग म्हटला, चहा झाला आणि लोक पांगले. दारात एक बाई मला म्हणाल्या, "बरं वाटलं हो. पण हे असं कोणी नेहमी करतं का कुठे?"

करतात. दीडशे वर्षांहून जास्त काळ करत आले आहेत. त्या बाईंना दारात उभ्या उभ्या नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हा निबंध.

आधी शब्दाचा अर्थ

इंग्लंड-अमेरिकेत 'एथिकल सोसायटी' नावाच्या संस्था निघाल्या. मराठीत त्यांना 'नीतिसभा' म्हणायला हरकत नाही. कल्पना साधी होती. माणसाने चांगले वागावे यासाठी देवाचा धाक किंवा स्वर्गाचे आमिष लागतेच असे नाही. पण चांगले वागणे एकट्याने जमणेही कठीण. त्यासाठी सोबत लागते, ठरलेला दिवस लागतो, ठरलेली जागा लागते. म्हणून दर आठवड्याला जमायचे, कोणाचे तरी विचार ऐकायचे, त्यावर प्रश्न विचारायचे आणि गावात काही उपयोगाचे काम करायचे. पुढे या चळवळीचा मोठा भाग 'ह्युमॅनिस्ट', म्हणजे मानवतावादी, या नावाने ओळखला जाऊ लागला.

देवळात जाऊन माणसाला जे मिळते त्यातले दर्शन वजा करा. उरते काय? ओळखीचे चेहरे, कानावर पडणारे चार शब्द, गाणे, अडीअडचणीला धावणारी माणसे, आणि जन्म-लग्न-मृत्यूला बाजूला उभे राहणारे कोणीतरी. हे उरलेले सांभाळता येईल का, हा या संस्थांचा खरा प्रयोग होता.

साउथ प्लेस : चॅपलचे सभागृह कसे झाले

लंडनची साउथ प्लेस सभा हे याचे सर्वांत जुने उदाहरण. तिची सुरुवात 18व्या शतकाच्या अखेरीस झाली ती ख्रिस्ती मंडळी म्हणूनच. एल्हानन विंचेस्टर नावाचा अमेरिकन उपदेशक तिथे बोलत असे. पापी माणूस कायमचा नरकात जळत राहतो ही शिकवण त्याला मान्य नव्हती. दयाळू देव असे करणार नाही, एवढाच त्याचा मुद्दा. पण एकदा एक वीट काढली की बाकीच्या विटांकडेही लक्ष जाते. पुढे ही मंडळी युनिटेरियन झाली. त्रैक्याचा सिद्धांत, म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा हा त्रिकूट, गेला. 1817 पासून विल्यम जॉन्सन फॉक्स तिचे धर्मोपदेशक झाले. 1824 मध्ये फिन्सबरी भागात साउथ प्लेस या ठिकाणी चॅपल उभे राहिले आणि त्या जागेचेच नाव सभेला चिकटले.

1864 मध्ये मन्क्युअर कॉन्वे तिथे आला. हा अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा, गुलाम बाळगणाऱ्या घरातला मुलगा, आणि गुलामगिरीचा कट्टर विरोधक. त्याच्या काळात प्रार्थना बंद झाली. तिच्या जागी निरनिराळ्या धर्मग्रंथांतले उतारे वाचणे आणि मनन आले. 1874 मध्ये त्याने पूर्वेकडच्या धर्मग्रंथांतल्या वेच्यांचा एक मोठा संग्रह छापला, त्यात हिंदू, बौद्ध, पारशी, चिनी असे सगळे आहे. 1883-84 मध्ये तो भारत आणि श्रीलंकेत हिंडून गेला आणि त्या प्रवासावर पुढे 1906 मध्ये त्याचे पुस्तक निघाले.

1888 मध्ये स्टँटन कॉइट हा अमेरिकन तरुण सभेचा प्रमुख झाला आणि संस्थेने 'साउथ प्लेस एथिकल सोसायटी' हे नाव घेतले. त्याचे आणि सभेचे फार जमले नाही, थोड्याच वर्षांत तो बाहेर पडला. कॉन्वे परत आला, 1897 पर्यंत राहिला. त्यानंतर सभेने एक शहाणा निर्णय घेतला. एकच धर्मोपदेशक नेमायचा नाही, तीन-चार व्याख्याते नेमायचे आणि त्यांनी पाळीपाळीने बोलायचे. त्यांत अर्थशास्त्रज्ञ जे. ए. हॉब्सन होते, ज्यांनी 1902 मध्ये साम्राज्यवादावरचे गाजलेले पुस्तक लिहिले. जे. एम. रॉबर्टसन आणि हर्बर्ट बरोज होते. पाद्रीपण सोडून आलेले जोसेफ मॅक्केबही होते. साम्राज्याच्या राजधानीत, रविवारी सकाळी, साम्राज्यावर टीका करणारा माणूस व्यासपीठावर बोलत होता, हे आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

जुने चॅपल विकून संस्था 1929 च्या सप्टेंबरात रेड लायन स्क्वेअरमधल्या नव्या वास्तूत आली. कॉन्वेच्या स्मरणार्थ तिचे नाव 'कॉन्वे हॉल'. 2012 पासून संस्थेचेही नाव 'कॉन्वे हॉल एथिकल सोसायटी' असे आहे.

महिना कसा भरतो

आता मुख्य प्रश्न : तिथे महिनाभर चालते काय?

कणा म्हणजे रविवारचे व्याख्यान, जे पूर्वी सकाळी अकराला होत असे. वेळ मुद्दाम तीच, चर्चची. विषय काहीही असू शकतो : तुरुंगसुधारणा, डार्विन, युद्ध, स्टोइक तत्त्वज्ञान, लहान मुलांना खरे सांगावे का. पण व्याख्यानानंतर प्रश्न विचारण्याची वेळ राखलेली असते, आणि चर्चच्या प्रवचनापेक्षा हे वेगळे आहे ते नेमके इथेच. प्रवचनकाराला कोणी उभे राहून "हे मला पटले नाही" म्हणत नाही. इथे म्हणतात, आणि वक्त्याला उत्तर द्यावे लागते.

दुसरी गोष्ट संगीत. 1887 पासून साउथ प्लेसला रविवारी संध्याकाळी चेंबर म्युझिकच्या, म्हणजे मोजक्या वादकांच्या, मैफली सुरू झाल्या. हेतू असा की ज्या कामगार-कारकून माणसाला महागड्या मैफलीचे तिकीट परवडत नाही त्यालाही उत्तम संगीत ऐकता यावे. ही परंपरा कॉन्वे हॉलमध्ये आजही चालू आहे. व्याख्यानाला कधी न येणारी कितीतरी माणसे मैफलीला येतात. आपल्या गणेशोत्सवातही व्याख्यानाला पुढच्या दोन रांगा आणि गाण्याला बाहेर जिन्यापर्यंत गर्दी असते, तेव्हा हे समजायला अवघड नाही.

तिसरी गोष्ट ग्रंथालय आणि मासिक. संस्थेचे नियतकालिक 1890 च्या दशकापासून निघत आले, त्यात झालेल्या व्याख्यानांचा सारांश छापला जाई. जो आला नाही त्यालाही काय झाले ते कळे, आणि आपल्यासारख्या इतिहासाच्या नादी माणसाला शंभर वर्षांनी कागद सापडे. चौथी गोष्ट वार्षिक : 1910 पासूनचे कॉन्वे स्मृतिव्याख्यान. 1915 मध्ये गिल्बर्ट मरे, 1922 मध्ये बर्ट्रांड रसेल ते देऊन गेले. आणि पाचवी गोष्ट, जिच्याकडे कोणी फारसे बघत नाही : सभागृह भाड्याने देणे. कामगार संघटना, शांततावादी, वाचकमंडळे, सगळ्यांना ही जागा मिळत आली. त्या भाड्यावर छप्पर टिकते.

नामकरण, लग्न आणि अंत्यविधी यांचीही सोय या चळवळीने केली. शिकवून तयार केलेला एक माणूस आधी घरी जातो, गेलेल्या माणसाबद्दल घरच्यांकडून ऐकतो, टिपणे काढतो आणि त्या दिवशी त्याच्या आयुष्याची हकीकत सांगतो. स्कॉटलंडमध्ये 2005 पासून अशा पद्धतीच्या लग्नाला कायद्याची मान्यता आहे. इंग्लंडमध्ये मात्र समारंभानंतर सरकारी नोंदणी वेगळी करावी लागते.

न्यूयॉर्क : आधी काम

अटलांटिकच्या पलीकडे फेलिक्स ॲडलर. न्यूयॉर्कच्या मोठ्या ज्यू देवळातल्या रब्बीचा मुलगा. वडिलांची गादी त्यानेच चालवावी अशी अपेक्षा होती. जर्मनीत शिकून आल्यावर त्याने पहिले प्रवचन दिले, त्यात देवाचा उल्लेखच नव्हता. गादी गेली. 1876 च्या मे महिन्यात त्याने 'सोसायटी फॉर एथिकल कल्चर' स्थापन केली. त्याचे म्हणणे : तुमची श्रद्धा काय ते तुमच्यापाशी ठेवा, आपण कामावर एक होऊ.

आणि काम खरेच सुरू झाले. 1878 मध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी मोफत बालवाडी, 1880 मध्ये कामकऱ्यांच्या मुलांसाठी हाताने काम करत शिकण्याची शाळा, आजाऱ्यांच्या घरी जाणाऱ्या परिचारिका. शिकागो, फिलाडेल्फिया, सेंट लुईस इथे शाखा निघाल्या. साउथ प्लेसला येण्याआधी कॉइट ॲडलरचाच सहायक होता आणि 1886 मध्ये न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत राहून त्याने शेजारसंघ काढला होता.

हा धर्म आहे का? कोर्टात गेलेला प्रश्न

देव नाही, पण रविवार आहे. विधी नाही, पण लग्ने आहेत. मग हा धर्म म्हणायचा की नाही? हा प्रश्न 1980 मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टात गेला. प्रश्न होता धर्मादाय संस्था म्हणून मिळणाऱ्या सवलतींचा. साउथ प्लेसचे म्हणणे, आमचे नीतिविषयक आदर्श हाही धर्मच समजा. न्यायमूर्ती डिलन यांनी ते मान्य केले नाही. त्यांच्या निकालाचा आशय असा : धर्म म्हणजे माणसाचे देवाशी नाते, नीती म्हणजे माणसाचे माणसाशी नाते, दोन्ही एक नव्हेत. पण ही संस्था व्याख्याने देते, लोकांना विचार करायला शिकवते, म्हणजे शिक्षणाचे काम करते, म्हणून ती धर्मादाय ठरते.

निकालाची ही दोन टोके मला फार आवडतात. कोर्टाने दार एका बाजूने लावले आणि दुसऱ्या बाजूने उघडले. आपल्यासारख्या व्याख्यानमाला चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आपल्याकडचे धागे

"हे सगळं तिकडचं झालं," असे सभेत एकाने म्हटलेच. तर इकडचे बघू.

मुंबईत 1849 मध्ये परमहंस सभा निघाली, दादोबा पांडुरंग तिचे प्रमुख. जातिभेद मोडण्यासाठी सभासद एकत्र जेवत, पण सगळे गुप्तपणे. 1860 च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा मोडली. उघडपणे जमण्याचे धैर्य दाखवले ते 1867 च्या प्रार्थना समाजाने. तिथे देव होता, उपासना होती, म्हणून त्याला नीतिसभा म्हणता येणार नाही. पण मूर्ती नव्हती, ग्रंथप्रामाण्य नव्हते, आणि रविवारच्या उपासनेबरोबर कामगारांच्या रात्रशाळा आणि पंढरपूरचे बालकाश्रम होते. व्याख्यान आणि काम जोडण्याची रीत तीच. 1873 च्या सत्यशोधक समाजाने तर थेट विधीलाच हात घातला आणि भटजीविना लग्ने लावली. दक्षिणा बुडाली म्हणून ओतूरच्या जोश्यांनी कोर्टात दावा लावला. अशा वंशपरंपरागत हक्काला मुंबई इलाख्यात कायद्याने पूर्णविराम मिळायला 1926 साल उजाडले. न्यायमूर्ती डिलन यांच्यापुढचा प्रश्न पैशाच्या वाटेनेच आला होता, ओतूरचाही पैशाच्याच वाटेने. धर्माचे पुष्कळ प्रश्न असेच कोर्टात पोचतात.

आता बडोद्याचा धागा. जमखिंडीचे विठ्ठल रामजी शिंदे 1901 मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माच्या अभ्यासासाठी गेले. ते युनिटेरियनांचे कॉलेज, म्हणजे साउथ प्लेस ज्या घरातून बाहेर पडली तेच घर. शिंद्यांच्या शिक्षणाला सयाजीराव महाराजांची मदत होती. 1903 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या उदार धर्म परिषदेत निबंध वाचून ते परतले, मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले आणि 1906 मध्ये त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. उपासनेकडून कामाकडे जाण्याची ही वाट ॲडलरच्या वाटेला समांतर आहे.

महाराजांनी स्वतः विधी बंद केला नाही, त्याला अर्थ द्यायला लावले. बडोदे संस्थानाच्या 1915 च्या पुरोहित कायद्यामागचा विचार असा की पौरोहित्य करणाऱ्याने परीक्षा द्यावी आणि यजमानाला समजेल असा विधीचा अर्थ सांगावा. सुरुवातीच्या प्रसंगातला मुलगा नेमके तेच मागत होता : कोणीतरी समजेल असे बोलणारे.

1911 च्या जुलैत लंडनमध्ये पहिली 'युनिव्हर्सल रेसेस काँग्रेस' भरली. वंशावरून माणसात उच्चनीच मानू नये यासाठीची ही परिषद नीतिसभांच्या चळवळीतून निघाली. कल्पना ॲडलरची, धावपळ गुस्टाव्ह स्पिलर यांची. तिच्या निबंधसंग्रहात गोपाळ कृष्ण गोखल्यांचा निबंध आहे, भारतातल्या पूर्व-पश्चिम संबंधांवर. दोनच वर्षांनी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ॲडलर त्या वेळी तिथे सामाजिक नीतिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि आंबेडकरांचे मार्गदर्शक सेलिग्मन हे ॲडलरच्या सोसायटीतले प्रमुख कार्यकर्ते. एवढ्यावरून थेट नाते जोडणे बरे नाही. पण ज्या हवेत आपल्या विद्यार्थ्याने तीन वर्षे श्वास घेतला, तिच्यात हा विचार होता.

1952 मध्ये ॲम्स्टरडॅमला मानवतावाद्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. मानवेंद्रनाथ रॉय यांची भारतातली चळवळ त्यात पहिल्यापासून होती. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी रॉय यांच्या वर्तुळातले, आणि सासवडचे वि. म. तारकुंडे यांना 1978 मध्ये त्या संघटनेचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि आंध्रात 'गोरा' यांनी 1940 मध्ये नास्तिक केंद्र काढले. तिथे दर पौर्णिमेला सर्व जातींच्या लोकांचे उघड सहभोजन होई. परमहंस सभेने दार लावून जे केले, ते गोरांनी चांदण्यात केले.

काय टिकले, काय नाही

सगळे टिकले असे मात्र नाही. साउथ प्लेस सोडल्यावर कॉइटने पश्चिम लंडनमध्ये नीतीचे चर्चच उभे केले. त्यात वेदीसारखी मांडणी, ठरलेले पाठ, गायन, सगळे होते. तो होता तोवर चालले. त्याच्यामागे माणसे घटली आणि 1950 च्या दशकात इमारत विकावी लागली. इंग्लंडातल्या इतर बऱ्याच नीतिसभाही बंद पडल्या. साउथ प्लेस उरली.

माझ्या समजुतीप्रमाणे कारणे तीन. पहिले, ती एका माणसावर अवलंबून राहिली नाही. व्याख्याते अनेक ठेवले. दुसरे, व्याख्यानाला न येणाऱ्याला यायला दुसरे दार ठेवले, मैफलीचे. तिसरे, स्वतःची जागा होती आणि ती इतरांना वापरू दिली. विचार कितीही उत्तम असला तरी खुर्च्या, दिवे आणि भाडे यांची तजवीज कोणाला तरी करावी लागते.

आपल्या मंडळाकडे बघितले तर रावपुऱ्यातून, दांडिया बाजारातून येणारी जुनी माणसे कमी होत चालली आहेत, मुले पुण्या-बंगळुराला गेली. मासिक सभा दोन महिन्यांतून एकदा घ्यावी का, हा विषय मागच्या बैठकीत निघाला होता. माझे मत विचाराल तर, घेऊ नये. पहिल्या रविवारी सभा असते हे लोकांना पाठ आहे, आणि पाठ असणे हीच आपली सगळ्यात मोठी मालमत्ता. विषय थोडे मोकळे करावेत, वर्षातून दोनदा गाणे ठेवावे, सभेनंतर शेव-उसळ आहेच. आणि कोणाच्या घरी भटजीविना काही करायचे असेल, तर त्या घरी जाऊन ऐकून घेणारी, चार ओळी लिहून बोलणारी दोन माणसे तरी आपल्यात तयार असावीत. इतिहासमंडळाला ते काम परके नाही. गेलेल्या माणसाची हकीकत खरी, नेटकी आणि समजेल अशी सांगणे, हे आपण दर महिन्याला करतोच.

सभा संपल्यावर तो मुलगा आला होता. म्हणाला, "काका, बाबांचं पहिलं वर्षश्राद्ध येतंय. त्या दिवशी खोली मिळेल का?" मी म्हटले, मिळेल. आणि वहीत तारीख लिहून ठेवली आहे.